छायाचित्रकाराची उमेदवारी

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दादासाहेब फाळके यांनी बडोद्यात छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला तेव्हा, कॅमेऱ्यासमोर उभे राहणाऱ्याच्या अंगातली शक्ती हे यंत्र शोषून घेते आणि त्याचे आयुष्य घटते अशी समजूत त्या शहरात पसरली होती. आणि पुढे ज्यांच्या हातून भारतीय चित्रपटाची मुहूर्तमेढ रोवली जायची होती त्या गृहस्थांचा तो धंदा काही केल्या चालला नाही. आज या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणापुढे जी अडचण उभी आहे ती याच्या नेमकी उलट आहे. छायाचित्राचे भय कोणालाच उरलेले नाही, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि बारशापासून तेराव्यापर्यंत कुठल्याही कार्यात पंचवीस हात मोबाइल उंचावून उभे असतात. अशा काळात छायाचित्र काढून देण्याबद्दल एखाद्याने पैसे का मागावेत आणि दुसऱ्याने ते का द्यावेत, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्यानेच नोकरीची सुरक्षित वाट सोडून या स्वतंत्र व्यवसायाची उमेदवारी पत्करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते उत्तर सुंदर छायाचित्रांत आहे असे नवख्यांना वाटते, आणि म्हणून त्यांचा पहिला प्रश्न ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असा असतो. सुंदर छायाचित्र आता योगायोगानेही निघते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या खात्रीसाठी, की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, पाऊस असो वा वीज गेलेली असो, हा मनुष्य येईल, जे पुन्हा घडणार नाही ते टिपील, ते हरवू देणार नाही आणि कबूल केलेल्या मुदतीत आणून देईल. ही खात्री देण्याची योग्यता अंगी यायला काळ लागतो, आणि त्या काळात घरचा संसार चालावा लागतो. म्हणून नोकरीचा राजीनामा ही या मार्गावरची पहिली पायरी ठरू नये. ज्यांना आपण भारतीय छायाचित्रणाचे आद्य आचार्य मानतो ते राजा दीनदयाळ रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात आरेखक म्हणून रुजू झाले, १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती धरला, आणि त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ सरकारी नोकरी सांभाळून, तुकोजीराव होळकरांचे व इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तेजन मिळवून, गिऱ्हाईक पुरेसे जमल्यावर प्रथम रजा घेतली व मगच नोकरी सोडली. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकारपद आणि १८९६ साली मुंबईत थाटलेला भव्य स्टुडिओ हे सारे त्यानंतरचे आहे. एवढ्या मोठ्या कलावंताला जी सावधगिरी कमीपणाची वाटली नाही, ती आपल्याला का वाटावी?

या संधिकालात करायचे काम एकच: एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराच्या हाताखाली राबणे. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय, पुण्यातील सिंबायोसिसची छायाचित्रण शाळा, १९३७ पासून मुंबईत कार्य करणारी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया यांसारख्या ठिकाणी प्रकाशाचे व रचनेचे शास्त्र उत्तम शिकता येते, आणि ज्याला शक्य आहे त्याने ते शिकावेच. परंतु माणसांच्या गर्दीत कुठे उभे राहावे हे शाळेत शिकवता येत नाही.

मंगल कार्यालयातला एक क्षण पाहावा. शेवटचे मंगलाष्टक चालू आहे, वधूच्या पाठीशी तिचे मामा उभे आहेत, दोघा गुरुजींनी अंतरपाट दोन टोकांना धरला आहे, आणि अक्षता मुठीत घेऊन पाहुणेमंडळी पुढे सरकत आहेत. अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते, हार घातले जातात, आणि चहूबाजूंनी अक्षतांचा वर्षाव होतो. हे सारे अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपते आणि पुन्हा करून दाखवा असे कोणालाही सांगता येत नाही. नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस वधूच्या मुखावर न थांबता मध्येच उडणाऱ्या तांदळाच्या दाण्यावर जाऊन बसतो, म्हणून अनुभवी मनुष्य तो आधीच वधूच्या डोळ्यांवर साधून बांधून ठेवतो. शटर १/५०० सेकंदाला ठेवले तर अक्षता हवेत दाणा-दाणा दिसतात, १/६० ला ठेवले तर त्यांच्या रेषा ओढल्या जातात. पण कार्यालयाच्या छताला स्वस्त एलईडी दिवे असतील तर आणखी एक पेच असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे दर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, डोळ्यांना ते कळत नाही, परंतु वेगवान शटरने, विशेषतः आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने, काढलेल्या चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी यांत्रिक शटर १/१०० वर आणून अक्षता थोपवण्याचे काम फ्लॅशच्या क्षणिक प्रकाशावर सोपवतात. हे ज्ञान आदल्या दिवशी रिकाम्या कार्यालयात जाऊन, दिवे लावून, चार चित्रे काढून पाहिल्याने येते. गुरुजींना नमस्कार करून गौरीहर कधी, लाजाहोम कधी, कानपिळी कधी हे विचारून घ्यावे, व्यासपीठावर उभे राहताना समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांची दृष्टी अडवू नये, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आजीचे एक स्वच्छ चित्र न सांगता काढावे, कारण पुढे त्या घरातून चौकटीसाठी मागणी येते ती बहुधा त्याच चित्राची. उमेदवारी करताना माणूस शिकतो ते हे, आणि म्हणून तेथे मिळणारे मानधन अल्प असले तरी ते दिवस वाया जात नाहीत.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. आणि आता बहुतेक मोठ्या शहरांत लेन्सपासून सॉफ्टबॉक्सपर्यंत सारे दिवसाच्या भाड्याने मिळते. महाग लेन्स वर्षातून चारदा लागत असेल तर ती भाड्याने आणणे हेच व्यवहाराला धरून आहे. विकत घ्यायची झालीच तर एक भारी बॉडी घेण्यापेक्षा दोन मध्यम बॉड्या घ्याव्यात, कारण मुहूर्ताच्या वेळी एक बंद पडली तर दुसरी गळ्यात असली पाहिजे. आणि दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारी बॉडी असेल तर तीच निवडावी. शटर हे झिजणारे यंत्र आहे हेही ध्यानात असावे. उत्पादकाने त्याचे आयुष्य २ लाख क्लिकांचे सांगितले असेल, आणि एका लग्नात ३००० क्लिक होत असतील, तर सुमारे ६५ लग्नांनंतर त्या खर्चाची तरतूद तयार ठेवावी लागते. त्याच ३००० चित्रांच्या मूळ फाइली, प्रत्येकी ३० एमबी धरली तरी, ९० जीबी होतात. त्यांच्या तीन प्रती, निदान दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, ही शिस्त ज्याला जड वाटते त्याने दुसऱ्याच्या लग्नाची जबाबदारी घेऊ नये.

मोबदला किती मागावा, या प्रश्नाशी मात्र सावकाश थांबले पाहिजे, कारण या व्यवसायातून दोन-तीन वर्षांत बाहेर फेकले जाणारे बहुतेक लोक कलेत कमी पडलेले नसून जमाखर्चात कमी पडलेले असतात. शेजारचा जेवढे घेतो त्याहून हजार रुपये कमी, ही त्यांची दर ठरवण्याची रीत असते. वास्तविक दर खालून वर बांधत न्यावा लागतो. समजा, साहित्याला ३ लाख रुपये लागले आणि ते ५ वर्षे टिकेल असे धरले, तर वर्षाला ६० हजार रुपयांची झीज झाली. हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, प्रवास, विमा, मदतनिसाची मजुरी मिळून वर्षाला १ लाख २० हजार धरू. घरखर्चाला महिना ३० हजार म्हणजे ३ लाख ६० हजार. एकूण बेरीज ५ लाख ४० हजार. आता वर्षातून प्रत्यक्ष पैसे देणारे दिवस किती मिळतील? तुळशीचे लग्न झाल्यापासून आषाढीपर्यंत आपल्याकडचा लग्नाचा हंगाम. त्यातही पौषात मुहूर्त विरळ, आणि अधिकमास आला की एक महिना कोरडा. काही पंचांगे चातुर्मासातही गौणकालातले मुहूर्त देतात, तरी त्यांवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे नवख्याने ४५ दिवस मिळतील असे धरणे हीसुद्धा आशावादी गोष्ट झाली. ५ लाख ४० हजारांना ४५ ने भागले की दिवसाला १२ हजार रुपये येतात, आणि हा केवळ खर्च भागवणारा दर आहे, यात शिल्लक काही नाही. एका दिवसाच्या चित्रणामागे निवड, रंगसंस्कार व अल्बमची मांडणी यांत आणखी दोन-तीन दिवस जातात ते वेगळेच. दिवसाला पाच हजारांत काम घेणारा तरुण गिऱ्हाइकाला सवलत देत आहे असे त्याला वाटत असते. खरोखर तो आपल्या घरातून दर दिवशी सात हजार रुपये काढून देत असतो. हे गणित प्रत्येकाने आपापल्या गावच्या आकड्यांनी करावे, कागदावर करावे, आणि दरपत्रक त्यानंतर छापावे. चातुर्मासाच्या रिकाम्या महिन्यांसाठी गणेशोत्सव, नवरात्र, कारखान्यांतील वस्तूंचे चित्रण, हॉटेलांची खाद्यचित्रे, वास्तुविशारदांसाठी इमारतींची चित्रे अशी दुसरी शाखा आधीच लावून ठेवावी.

आता कायद्याकडे वळतो, कारण या बाबतीत सुशिक्षित छायाचित्रकारही अंधारात असतात. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि छायाचित्र काढणारा हाच त्याचा कर्ता, म्हणून सामान्यतः तोच प्रथम मालक, असे तो मानतो; छायाचित्रावरील हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे: कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास, प्रथम मालक तो काम सांगणारा होतो. याचा व्यवहारातला अर्थ पाहावा. तालुक्याच्या एखाद्या साडीविक्रेत्याने दिवाळीच्या जाहिरातीसाठी तोंडी बोलीवर वीस चित्रे काढून घेतली, पैसे चुकते केले, आणि पुढे वर्षानुवर्षे तीच चित्रे फलकांवर, पिशव्यांवर, दुसऱ्या गावच्या शाखांत वापरली, तर छायाचित्रकाराला तक्रारीला जागा उरत नाही, कारण कागद नसल्यामुळे कायद्यानेच मालकी त्या विक्रेत्याकडे गेलेली असते. उलट, तोच छायाचित्रकार स्वतःच्या उमेदीने आषाढी वारीला गेला, दिवेघाटात चित्रे काढली आणि नंतर एखाद्या नियतकालिकाला ती छापायला दिली, तर मालकी त्याचीच राहते व तो केवळ छापण्याची परवानगी विकत असतो. काम सांगितलेले आहे की स्वयंप्रेरणेचे, या एका भेदावर सारे अवलंबून आहे, आणि पहिल्या प्रकारात एका पानाचा करारनामा हा भेद बुजवू शकतो.

त्या पानावर काय असावे? कामाची तारीख व तास, किती चित्रे कोणत्या स्वरूपात द्यायची, कोणत्या मुदतीत, एकूण रक्कम, बयाणा किती, उरलेले हप्ते कधी, कार्य रद्द वा तहकूब झाले तर बयाण्याचे काय, छायाचित्रकार आजारी पडला तर बदली कोण. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हक्क कोणाकडे आणि वापर किती काळ, कोणत्या प्रदेशात, कोणत्या माध्यमात. हक्क हस्तांतर करायचा तर तो लेखीच असावा लागतो. आणि लेखात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची व प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता, असे कायदाच गृहीत धरतो. हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही आपले कर्तेपण सांगण्याचा आणि कीर्तीला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडे उरतो, हेही जाणून असावे. ओळखीच्या माणसापुढे कागद कसा ठेवायचा, हा संकोच मला समजतो. परंतु लग्नघराला कागद आवडतो, असाच बहुतेकांचा अनुभव आहे. केटरर, मंडपवाला, कार्यालयाचा व्यवस्थापक हे सगळे त्यांच्याकडून सही घेऊन गेलेले असतात, आणि छायाचित्रकाराने तेवढे केले नाही तर त्याच्याच धंद्याविषयी शंका येते.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण येथे आठवते. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंची आरंभीची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली ती दर चित्राला एक रुपया देऊन, आणि सुरुवातीस त्यांच्या नावावर नव्हे तर पती माणेकशा यांच्या नावावर, कारण त्या अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या. पुढे १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या, स्वातंत्र्यप्राप्तीचे नि गांधीजींच्या अंत्ययात्रेचे दर्शन आज आपल्याला घडते त्यातले पुष्कळसे त्यांच्या कॅमेऱ्यातून घडते, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा गौरव सर्वत्र होतो व तो रास्तच आहे. या व्यवसायाच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की त्यांचा निगेटिव्हांचा संग्रह एका संग्रहसंस्थेच्या स्वाधीन होऊन राष्ट्राचा दस्तऐवज ठरला तो त्यांच्याच हातून. जपून ठेवलेले काम पुढे उभे राहते. आजच्या तरुणाने आपल्या चित्रांवर नाव, तारीख, स्थळ यांची नोंद त्याच दिवशी घालावी. दहा वर्षांनी ती आठवत नाही.

वसुलीविषयी दोन शब्द. कंपन्यांकडचे पैसे थकतात आणि तगादा लावायला नवखा लाजतो. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. विलंब झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. नोंदणी मात्र काम करण्याआधी झालेली हवी. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर सेवा देणाऱ्यावर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आणि हल्ली लग्नांत ड्रोनचा आग्रह फार धरला जातो म्हणून सांगतो: २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर त्या माणसापाशी वैमानिकाचे प्रमाणपत्र असावेच लागते, मग यजमान कितीही ओळखीचा असो.

एवढे सारे व्यवहाराचे बोललो ते अशासाठी, की व्यवहार पक्का असला तरच पोटापलीकडचे काम करायला मन मोकळे राहते, आणि त्या कामावाचून या व्यवसायात वर्षे काढणे कठीण आहे. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राकडून जाहिरातसंस्थेत गेले, तेथे वर्षानुवर्षे राबले आणि मग स्वतंत्र होऊन मुखचित्रणाची स्वतःची अशी एक शैली त्यांनी घडवली. सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्रांत काम करीत असतानाच मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे दीर्घकाळ चित्रित केले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून ते जग ग्रंथरूपात आणले. अशा कामासाठी कोणी सांगण्याची वाट पाहायची नसते. आपल्या गावचा आठवडी बाजार, साखर कारखान्याचा गळीत हंगाम, कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा, यांपैकी एक विषय घेऊन पाच वर्षे त्याचा पाठपुरावा करणारा छायाचित्रकार प्रत्येक जिल्ह्यात असायला हवा, असे मला फार मनापासून वाटते. आणि तसा तो निघाला तर पुढे त्याच्या दारी येणारे गिऱ्हाईकही वेगळ्या प्रतीचे असते. अशा चित्रणात ज्यांचे चेहरे आपण घेतो त्यांना आधी विचारावे, आणि छापील प्रत त्यांच्या हाती नेऊन द्यावी.

शेवटी एक विनंती आहे, ती छायाचित्रकाराला नसून वाचकांना आहे, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी येत्या हंगामात कार्य असेल. शहाण्णव रुपयांचे काम साठ रुपयांत करून देणारा शोधू नका. जो एका पानाचा करार पुढे ठेवतो त्याच्याकडेच काम द्या, तो वाचून सही करा, बयाणा वेळेवर द्या, चित्रांची निवड महिनाभरात कळवा म्हणजे अल्बम रखडणार नाही. आणि सकाळी सहाच्या हळदीपासून उभ्या असलेल्या त्या मुलाला नि त्याच्या मदतनिसाला शेवटच्या पंगतीपर्यंत ताटकळत न ठेवता, मुहूर्त लागल्यावर लगेच पानावर बसवा.